पीक आलं, पण थर बसला का?

दादर, मुंबई

चि. ऋचास, अनेक आशीर्वाद.

सोन्याच्या इलेक्ट्रोडवर फ्लेव्हिनचा (बी-2 जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रेणूचा) थर बसला, असं लिहून तू पाठवलेला व्होल्टॅमोग्राम, म्हणजे व्होल्टेजबरोबर करंट कसा बदलतो त्याचा आलेख, मोठा करून पाहिला. पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, सुरेख आलंय आणि फ्लेव्हिनचं जिथे यायला हवं तिथेच आलंय. पण "थर बसला" हे मला अजून पटलेलं नाही. पीक आलं म्हणजे भांड्यात फ्लेव्हिन आहे, एवढंच कळतं. ते सोन्याला चिकटलंय की पाण्यात पोहतंय, हे कुठे कळतं?

तेव्हा आधी इलेक्ट्रोड बाहेर काढ, नीट धू आणि कोऱ्या बफरमध्ये (फ्लेव्हिन नसलेल्या, पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडव. पीक टिकलं तर स्कॅन रेट, म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा वेग, चौपट कर. पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंचा करंट चौपट होतो, द्रावणातून येणाऱ्यांचा फक्त दुप्पट. तू एकाच वेगाचा आलेख पाठवलास गं, त्यावरून मी काय सांगणार? शिवाय थर बसला असेल तर व्होल्टेज जातानाचं आणि परत येतानाचं पीक जवळपास एकाखाली एक यायला हवं. तुझ्या आलेखात दोघांत बरंच अंतर आहे. इलेक्ट्रॉनची ये-जा मंद असली तरी असं होतं, म्हणून लगेच तोंड पाडून बसू नकोस.

मग पीकखालचा चार्ज मोज. एकच दाट थर असेल तर चौरस सेंटीमीटरला साधारण एका मोलचा हजार कोटीवा भाग बसतो. रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन आणि फॅरेडेचा स्थिरांक 96,485 (एक मोल इलेक्ट्रॉनांचा चार्ज, कूलोंबमध्ये). गुणून बघ, 19 मायक्रोकूलोंबच्या आसपास येतं. तुझा चार्ज याच्या कितीतरी पट दिसतोय. एकतर थरावर थर चढलेत, नाहीतर सोनं खडबडीत आहे आणि तू पट्टीने मोजलेलं क्षेत्रफळ धरलंयस. खरं क्षेत्रफळ सल्फ्युरिक आम्लात सोन्याच्या ऑक्साइडच्या पीकवरून काढ, चौरस सेंटीमीटरला 390 मायक्रोकूलोंब धरून. तिथे क्लोराइड मात्र नको, ते सोनं विरघळवतं. व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतो त्या रेफरन्स इलेक्ट्रोडमधून ते झिरपतं, त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

स्वच्छतेबद्दल तुझ्या मामाला विचार. मुलामा चढवायच्या आधी तो प्रत्येक नग पाण्यातून काढून तिरका धरतो. पाण्याचा पडदा अखंड उतरला तर माल मुलाम्याच्या बाथमध्ये जातो. कुठे थेंब तुटला, पाणी बाजूला सरकलं, की तिथे तेलकटपणा आहे; नग परत धुवायला. एवढी साधी तपासणी तुमच्या लॅबमध्ये कोणी करतं का? घासून चकाकलेलं सोनंसुद्धा हवेतली घाण पटकन ओढून घेतं, म्हणून साफ केलं की लगेच लिपोइक आम्लाच्या द्रावणात सोड. त्यातलं गंधक सोन्याला धरून बसेल. (लिपोइक आम्ल शरीर स्वतः बनवतं, तेव्हा त्याला जीवनसत्त्व म्हणू नकोस, परीक्षक पकडतील.) व्होल्टेज फार ऋण बाजूला नेऊ नकोस, नाहीतर गंधकच सुटेल आणि थर गेला म्हणून रडत फोन करशील.

आणि उजेड! औषधकंपनीच्या लॅबमध्ये आम्ही बी-2, म्हणजे रायबोफ्लेविन, तपकिरी काचेशिवाय हाताळत नव्हतो. काचेच्या बाटलीतलं दूध उन्हात राहिलं की त्यातलं रायबोफ्लेविन तासा-दोन तासांत बरंचसं नासतं. तुझं टेबल खिडकीशी आहे, फोटोत दिसलं. नासल्यावर होणारं ल्युमिक्रोमही पीक देतं, म्हणजे फसगत ठरलेली. बाटल्यांना फॉइल गुंडाळ आणि पडदा ओढ.

पीएच बदलूनही बघ. आम्लधर्मी बफरमध्ये दर एककाला पीक साधारण 59 मिलिव्होल्ट सरकायला हवं. ते 25 अंशांचं गणित आहे, एसी बंद पडला तर आकडा वाढेल.

पुढच्या वेळी कोऱ्या सोन्याचा आलेख आधी पाठव, मग फ्लेव्हिनचा. मामा विचारतोय, प्रयोग संपल्यावर त्या सोन्याच्या तुकड्याचं काय करता? मी सांगितलं, तुझ्या कामाचं नाही.

तुझी,
आई