कार्डिनलांना ‘सनातनी’ म्हणताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे निधन झाल्यानंतर नव्या पोपविषयी आपल्या दैनिकात आलेल्या लेखासोबत एक चौकट होती. तिच्या एका रकान्यात ‘पुरोगामी’ म्हणून टागले, झुप्पी, होलेरिच, ग्रेक या कार्डिनलांची (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंची) नावे होती आणि दुसऱ्या रकान्यात ‘सनातनी’ म्हणून सारा, एर्दो, बर्क. खाली लिहिले होते की पुरोगामी उमेदवारांना मूठभर कट्टरपंथीयांचा विरोध आहे. मी वसईचा, वय ७१, मराठीचा निवृत्त शिक्षक. त्या मूठभरांच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी शब्दाविषयी बोलतो, कारण माझा व्यवसायच तो होता. मराठीत सनातनी म्हटले की चवदार तळ्याचे पाणी बाटले म्हणून ते ‘शुद्ध’ करणारे आणि सावित्रीबाईंवर शेण फेकणारे डोळ्यांपुढे येतात. कार्डिनल रॉबर्ट सारा यांचा जन्म गिनी देशातल्या एका खेड्यात झाला. आईवडील पूर्वजांचा निसर्गपूजक धर्म सोडून ख्रिस्ती झालेले. सेकू तुरे यांच्या हुकूमशाहीत, वयाच्या ३४व्या वर्षी, ते कोनाक्रीचे आर्चबिशप झाले आणि त्या राजवटीपुढे त्यांनी मान तुकवली नाही. या माणसाला आपल्या भाषेतला सनातनी हा शब्द लावताना माझा तरी हात थांबला असता. उलट बाजूलाही तेच. पुरोगामी हा आपल्याकडे फुले, शाहू, आंबेडकरांच्या परंपरेचा शब्द आहे. त्याच्या विरोधात उभा राहणारा वाचकाच्या मनात आपोआप आरोपी ठरतो आणि त्याचे म्हणणे काय आहे हे विचारायचे राहूनच जाते.

तर म्हणणे असे आहे. पोप हा श्रद्धेचा मालक नाही, विश्वस्त आहे. हे काही आजच्या नाराज मंडळींनी काढलेले खूळ नव्हे. पोपच्या अधिकाराची सर्वांत ठाम व्याख्या १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेत झाली. त्याच दस्तऐवजात लिहिले आहे की पेत्राच्या वारसांना, म्हणजे पोपना, पवित्र आत्म्याचे वचन मिळाले ते नवी शिकवण काढण्यासाठी नव्हे, तर प्रेषितांकडून आलेला ठेवा जपण्यासाठी. परंपरावाद्यांची भीती एवढीच आहे की पुढचा पोप हा ठेवा जपण्याऐवजी बदलायला घेईल.

या भीतीला कारणे आहेत. २०१६ साली घटस्फोटित व पुनर्विवाहितांच्या ख्रिस्तशरीर (उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) स्वीकारण्याबाबत चार कार्डिनलांनी पोप फ्रान्सिस यांना पाच प्रश्न लेखी विचारले. उत्तर आले नाही. त्यांपैकी माइस्नर आणि काफ्फारा हे दोघे २०१७ मध्ये उत्तराची वाट पाहतच वारले. होलेरिच यांनी २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की समलिंगी संबंधांविषयीच्या चर्चच्या शिकवणीचा समाजशास्त्रीय आणि वैज्ञानिक पाया आता बरोबर राहिलेला नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना उपासनेबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा रोमहून आली. अवघ्या चार आठवड्यांच्या आत आफ्रिकेतल्या बिशपांनी, कार्डिनल अम्बोंगो यांच्या सहीने, आमच्याकडे हे होणार नाही असे कळवले. आपला लेख म्हणतो ‘मूठभर’. आफ्रिका मुठीत मावत नाही.

इथे एक स्पष्ट सांगतो. माणसाला आशीर्वाद देण्याला माझी हरकत नाही. मरणाच्या दारातल्या कोणालाही फादरांनी नाकारावे असे मला कधीच वाटणार नाही. माझी हरकत आहे ती शिकवण तशीच आहे म्हणायचे आणि व्यवहार बदलायचा, याला. शिकवण बदलायची असेल तर तसे म्हणावे, मग वाद तरी सरळ होईल.

मात्र माझ्या मनातली खरी जखम वेगळी आहे, आणि ती लॅटिन मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या जुन्या मुख्य उपासनेची, आहे. मी आठव्या वर्षी वेदीसेवक झालो. लॅटिनचे अक्षरही येत नव्हते. थोरल्या भावाने वहीत देवनागरीत लिहून दिलेली उत्तरे मी पाठ केली. फादर वेदीच्या पायरीशी म्हणायचे, ‘इंत्रोइबो आद आल्तारे देई’, मी देवाच्या वेदीकडे जाईन. मी गुडघ्यावर बसून म्हणायचो, ‘आद देउम क्वी लेतीफिकात युवेन्तुतेम मेआम’, माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. अर्थ फार पुढे कळला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

१९६०च्या दशकात चर्चने लोकभाषेला मुभा दिली आणि मराठी मिस्सा आली, तेव्हा आम्ही मुले खूश झालो. पुढे चाळीस वर्षे मी मराठी भक्तिगीते गायलो, बसवली, त्यामुळे मराठी मिस्सा परकी आहे असे मी म्हणणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. देवाला मराठी कळते हे आम्हाला कुणी १९६० नंतर सांगावे लागले नाही. पण माझी आई, जिला सहीपुरतेच लिहिता येत होते, तिला एक गोष्ट खटकली ती कायमची. ती म्हणायची, “आधी फादर आपल्या पुढे उभे राहून देवाकडे तोंड करीत. आता ते आपल्याकडे बघतात, आपण त्यांच्याकडे बघतो. मग देवाकडे कोण बघतो?” पुढे या विषयावरचे बरेच वाचन झाले, पण आईच्या प्रश्नाइतका नेमका आक्षेप मला कुठे सापडला नाही.

पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुनी मिस्सा मोकळी केली. ते हयात असतानाच, १६ जुलै २०२१ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बांधून टाकली: बिशपांची परवानगी हवी, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये नको, नव्या धर्मगुरूंना रोमला विचारल्याशिवाय मुभा नाही. ज्या मिस्सेत शतकानुशतके संत घडले, ती चोरून करायची गोष्ट असल्यासारखी झाली. पुढचा पोप हे बंधन आणखी आवळेल की सैल करील, हे विचारणाऱ्याला कट्टर म्हणू नये.

आमच्या व्हॉट्सॲप गटात एका तरुणाने मला लिहिले, “अंकल, पोपची निवड पवित्र आत्मा करतो, मग उमेदवारांवर आक्षेप कसला?” त्याला मी सांगितले ते इथेही सांगतो. १९९७ साली बव्हेरियाच्या दूरचित्रवाणीवर कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, पवित्र आत्मा पोप निवडून देतो अशा अर्थाने मी म्हणणार नाही, कारण त्याने निवडले नसते असे पोपही होऊन गेले आहेत. तेव्हा निवडीआधी काळजी बोलून दाखवणे हे पाप नाही.

निवडीनंतरची गोष्ट निराळी. अमुक पोप झाला तर आम्ही त्याला पोप मानणार नाही, असे सांगणाऱ्या चित्रफिती सध्या फिरत आहेत. कार्डिनल टागले एका समारंभात गात असतानाचे काही सेकंदांचे दृश्य दाखवून त्यांची श्रद्धाच खोटी ठरवली जात आहे. याचा मला संताप येतो. ज्या झुप्पींना शत्रू ठरवले, त्यांनीच २०२२ मध्ये रोमच्या पँथिऑनमध्ये जुन्या विधीप्रमाणे सायंप्रार्थना चालवली, हे या मंडळींना माहीत नाही की सांगायचे नाही? जुन्या मिस्सेचे कैवारी आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८ मध्ये रोमची परवानगी नसताना चार बिशप अभिषिक्त केले. त्या दिवशी पडलेली भेग अजून बुजलेली नाही. परंपरेसाठी भांडायचे आणि पेत्राच्या आसनालाच झुगारायचे, याला मी परंपरा म्हणणार नाही.

शिवाय रकाने टिकत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. डिसेंबर १९६४ मध्ये वडील मला रेल्वेने मुंबईला ओव्हल मैदानावर घेऊन गेले. भारतात आलेले पहिले पोप, सहावे पॉल, मला त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावरून पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसले. ते मिलानचे आर्चबिशप माँतिनी असताना १९६३च्या निवडणुकीत पुरोगामी गणले गेले होते आणि जुन्या वळणाच्या कार्डिनलांचा ओढा कार्डिनल सिरी यांच्याकडे होता. याच पोपनी मुंबईत उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. याच पोपनी १९६९ मध्ये माझ्या वहीतली मिस्सा बदलली. आणि याच पोपनी १९६८ मध्ये, जगभरातून दबाव असताना, कृत्रिम संततिनियमनाला नकार दिला. त्यांना आपल्या चौकटीत कुठे बसवाल?

येत्या ७ मे २०२५ रोजी १३३ कार्डिनल नवा पोप निवडण्यासाठी व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये जातील. त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव असतील. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस यांची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्याने ते नसतील. निवडीला दोनतृतीयांश, म्हणजे ८९ मते लागतील. पुढच्या लेखात या माणसांविषयी जरूर लिहा, त्यांच्या मतांविषयी परखड लिहा, पण ती दोन रकान्यांची चौकट वगळा.

कार्डिनल आत जातील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील. मे महिना म्हणून आमच्या वाडीतल्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते. ती त्या दिवशी थोडी आधी आटपायचे ठरले आहे. टागले असोत, सारा असोत, सगळे आत जाऊन ‘व्हेनी क्रेआतोर स्पिरितुस’ हे पवित्र आत्म्याला बोलावणारे लॅटिन स्तोत्र म्हणतील आणि शपथही लॅटिनमध्येच घेतील. ते स्तोत्र माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. दूरचित्रवाणीसमोर उभा राहून मीही त्यांच्याबरोबर म्हणणार आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, वसई