घर वाढले, याला विद्रूपीकरण म्हणायचे?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला आधुनिक वास्तुकलेवरचा लेख वाचला. चंडीगड झाले, अहमदाबादची गिरणीमालक संघाची इमारत झाली, लुई कान यांचे आयआयएमही यथासांग झाले. इंदूरची पाळी आली आणि लेखकमहाशय घसरले. म्हणे, रहिवाशांनी वाटेल तसे मजले चढवून वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी गरिबांसाठी आखलेल्या ‘अरण्य’ वसाहतीची रया घालवली!

अहो, मजले चढवता यावेत म्हणूनच तर ती वसाहत तशी आखली होती. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. त्यावर मिळायचे काय, तर जोते, संडास-मोरी आणि नळ. पुढचे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. साडेसहा हजार घरांच्या या वसाहतीत दोशींनी नमुन्यादाखल आखून दिलेली घरे अवघी ८०. याच कामाला १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, हे लेखकमहाशयांच्या कानावर नसावे.

आमच्याच घराचे सांगतो. आईने आधी एकच खोली काढली. दादाचे लग्न ठरले तेव्हा बाहेरून जिना घेऊन वरची खोली चढली. गिलाव्याला पैसे उरले नाहीत, म्हणून ती कितीतरी वर्षे नुसत्या विटांची होती. वहिनीची तक्रार असायची ती उन्हाची, रूपाची कधीच नाही. ओटा मात्र तसाच आहे आणि संध्याकाळी आईचा दरबार तिथेच भरतो. दरवर्षी आर्किटेक्चरची पोरे कॅमेरे घेऊन येतात, चहा पितात आणि हळूच विचारतात, "काकू, ओरिजिनल घर कोणतं?" आई म्हणते, "तुम्ही बसलाय ना, तेच."

हल्ली काही घरांना निळ्या काचा आणि एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) लागलेत, ते मलाही बघवत नाहीत. पण हा शौक एबी रोडवरच्या शोरूम बघून आलाय; त्याचे खापर गरिबाच्या जिन्यावर कशाला?

आणखी एक. इंदूरच्याच माणिकबाग महालाच्या फोटोखाली ‘पर्यटकांनी आवर्जून पाहावे’ असे छापले आहे. यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुविशारद मुथेसियस यांनी उभारलेल्या त्या महालातले नावाजलेले फर्निचर १९८० सालीच मोनॅकोत लिलावात गेले. इमारतीत आता केंद्रीय जीएसटीचे कार्यालय आहे. लेखकमहाशयांना तिथून नोटीस आली, तर त्यांनी अवश्य पाहून यावे.

आपला,
एक रहिवासी, अरण्य नगर, इंदूर