मशीनचा आकडा तपासायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितोय.

भोसरीच्या आमच्या सिमेंट तपासणाऱ्या लॅबमध्ये फ्री लाइम, म्हणजे क्लिंकरमध्ये इतर घटकांशी न जुळता उरलेला मोकळा चुना, मोजणारं ऑटोमॅटिक मशीन आलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. क्लिंकर म्हणजे भट्टीतून निघालेले खडे, जे दळून सिमेंट होतं. त्याची पूड गरम इथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात जाते, मोकळा चुना विरघळतो, द्रावणाची विद्युतवाहकता वाढते आणि त्यावरून टक्केवारी थेट स्क्रीनवर येते. पण पावसाळा लागला आणि आकडे चढू लागले. ज्या क्लिंकरमध्ये हाताने केलेल्या टायट्रेशनने (ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडून) 1.2 टक्के यायचे, त्यातच मशीन 1.9 दाखवायचं. सर्व्हिसवाल्यांनी कॅलिब्रेशन करून दिलं, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

निवृत्तीनंतरही तुम्ही कोथरूडहून एवढ्या पावसात आलात. मशीनकडे न बघता आधी विचारलंत, "टायट्रेशनला ग्लायकॉल कुठल्या बाटलीतलं घेता?" ते सीलबंद छोट्या बाटलीतलं होतं. मशीनची नळी मात्र मोठ्या कॅनमध्ये सोडलेली, आणि कॅनचं तोंड उघडं. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी क्लिंकरमधल्या सिलिकेटवरही काम करतं, त्यातून जादा कॅल्शियम सुटतं, आणि मशीन तेही चुन्याच्या खात्यात धरतं. तुम्ही दोन्हीकडे एकाच नव्या बाटलीतलं ग्लायकॉल वापरायला लावलंत आणि आकडे जुळले. कॅनच्या तोंडाला सिलिका जेलची नळी बसवली ती त्याच दुपारी.

तेवढ्यावर तुम्ही निघून गेला असतात तरी आमचं काम झालं होतं. पण तुम्ही थांबलात, नव्या मुलांना घेऊन बसलात. पूड जाडी राहिली तर आतला चुना बाहेरच येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. दळलेली पूड उघडी ठेवली तर चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतो, आणि ग्लायकॉल कार्बोनेटला हात लावत नाही. म्हणून दळलं की लगेच वजन, नाहीतर डेसिकेटर, म्हणजे आत कोरडं राहणारं बंद भांडं. हे मशीनच्या पुस्तकातही असेल, पण कारणासकट आम्ही ते तुमच्याकडून ऐकलं.

मला सगळ्यात भिडलं ते सिमेंट किती फुगतं हे मोजणाऱ्या ल शातलिएच्या पितळी साच्याचं प्रात्यक्षिक. मुद्दाम जास्त फ्री लाइमचं सिमेंट भरून, दुसऱ्या दिवशी साचा तीन तास उकळत्या पाण्यात ठेवलात. साच्याच्या दोन सुयांमधल्या अंतरातली वाढ 10 मिलिमीटरची मर्यादा ओलांडून गेली तेव्हा मुलं गप्प झाली. भट्टीत 1450 अंशांच्या आसपास भाजलेला चुना सावकाश पाणी पितो आणि जवळजवळ दुप्पट फुगतो. तोवर काँक्रीट कडक झालेलं असतं, म्हणून ते तडकतं. उलट जास्त भाजून फ्री लाइमचा आकडा फारच खाली नेला तर कोळसा वाया जातो आणि क्लिंकर दळायला जड होतं, हेही तुम्ही सांगितलंत. त्यामुळे रिपोर्टवरची एक टक्केवारी आता माझ्यासाठी कुणाच्या तरी घराचा स्लॅब आणि कुणाच्या तरी भट्टीचं इंधन आहे.

आता दर सोमवारी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजून ताजा चुना करतो, मशीन त्यावर तपासतो, आणि एक नमुना ब्युरेटवर हातानेही करतो. वेळ जातो म्हणून वरून कुरकुर होते. मी ते बंद होऊ देणार नाही.

मॅडम, मनापासून आभार. दिवाळीनंतर नवी तुकडी रुजू होतेय. तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो, एक दिवस द्याल का?

तुमचा विद्यार्थी,
भोसरीच्या लॅबमधला एक केमिस्ट