झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आणखी चार बायकांच्या कानावर जायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत झेरॉक्सची दुकानं पुष्कळ आहेत, त्यातलं तुमचं कोणतं ते मला माहीत आहे, तेवढं पुरे.

जून 2023 चा शेवटचा आठवडा होता. पाऊस नुसता ओतत होता. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद मी तुमच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, एक कॉपी द्या. अकरा वर्षं मी त्या कारखान्यात पॅकिंगला होते. ऑर्डर कमी झाल्या म्हणून आम्हा सहा बायकांना ऑफिसात बोलावून एकेक टाईप केलेला कागद दिला होता. उद्या सही करून आणा, मग फुल अँड फायनल, म्हणजे सगळा हिशेब चुकता करू, नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटीही देऊ, असं सांगितलं होतं. कागद इंग्रजीत. मुलगा रात्री कामावरून येईल तेव्हा वाचेल, म्हणून एक प्रत घरी ठेवायची होती.

तुम्ही कागद मशीनवर पालथा घालण्याआधी वाचलात. मग मशीनचं झाकण परत खाली केलंत. “मावशी, सही केलीत का?” नाही म्हटल्यावर तुम्ही तो कागद माझ्याकडे फिरवलात आणि दुसऱ्या ओळीखाली बोट ठेवून मराठीत सांगितलंत, “यात लिहिलंय, वैयक्तिक कारणामुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. तुम्ही स्वखुशीने सोडताय का?”

तुमच्या नखाला टोनरची काळी रेघ होती. ते बोट आणि ती ओळ मला अजून जशीच्या तशी दिसते.

मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना थांबवून तुम्ही मला समजावलंत. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली की आपल्या हक्काचीच असते, राजीनामा दिलात तरी आणि मालकाने काढलं तरी. तिचं आमिष दाखवून सही घेता येत नाही. पण मालकाने कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई, हे वेगळं मिळायला हवं. स्वखुशीच्या एका ओळीने ते सगळं जातं. आणि तिसरी गोष्ट तुम्ही विचारलीत, जी अकरा वर्षांत मला कोणी विचारली नव्हती. “पगारातून ईएसआय कापतात ना?”

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. कापत होते. माझा पगार 16,000, त्यातून दर महिन्याला 120 रुपये जायचे. मालक वरून 520 भरायचा. मी समजत होते ते दवाखान्याचे पैसे. काम सुटल्यावरसुद्धा त्यातून काही मिळतं हे मला तुमच्याकडून कळलं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना हे नाव तुम्ही माझ्या पाकिटाच्या मागे पेनाने लिहून दिलंत. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. सहापैकी चौघींनी सह्या केल्या, घरी लहान मुलं, भाडं थकलेलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. मला एक ओळीचं पत्र मिळालं, की 30 जूननंतर तुमची गरज नाही. तेवढं पत्रसुद्धा पुढे कामाला आलं. तुम्ही सांगितलंत तसं ते मी फाडलं नाही, चुरगाळलं नाही.

ज्यांच्या घरी ही वेळ आलीय त्यांच्यासाठी, तुम्ही मला 2023 साली सांगितलेले त्या अटल योजनेचे नियम लिहिते. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विम्याची नोकरी झालेली हवी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे वर्गणीचे काळ असतात. त्यातल्या काम सुटण्याच्या लगेच आधीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका काळात आणखी 78 दिवसांची. गैरवर्तनावरून काढलेलं असेल, वयाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. म्हणूनच कागदावर काय लिहिलंय ते बघायचं. 2018 साली योजना आली तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे आणि 90 दिवस वाट बघावी लागायची. 2020 मध्ये करोनाच्या वेळी ते 50 टक्के झाले आणि वाट 30 दिवसांवर आली. जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे, आणि जन्मात एकदाच. अर्ज मालकाकडून पुढे पाठवायची गरज आता राहिलेली नाही, आपण थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात देऊ शकतो. हे ऐकलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला, कारण त्या गेटच्या आत पुन्हा पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती.

ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचंही तुम्ही सांगितलंत. कारखाना बंद पडला किंवा कायद्याप्रमाणे छाटणी झाली तर तीत 24 महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. पण तिला छाटणीचे रीतसर कागद लागतात आणि आमच्या ऑफिसने ते दिलेच नाहीत. भरपाईचा वाद वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात नेलाय, तो अजून चालू आहे. ग्रॅच्युइटीचे 82,500 मात्र मिळाले. मूळ पगार आणि महागाई मिळून 13,000, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग अकरा वर्षं. हिशेब तुम्हीच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला होतात, म्हणून त्यांनी आधी कमी रक्कम लिहिली तेव्हा मला बोलता आलं.

ऑगस्टमध्ये तीस दिवस भरले आणि मी तुमच्याकडे आले. तुम्ही अर्ज भरलात, आणि तो अडकला. ईएसआयच्या नोंदीत माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कितीतरी बायकांचं असंच होत असेल! मी तिथेच स्टुलावर बसून रडले. तुम्ही पाणी दिलंत, रडू दिलंत, आणि मग म्हणालात, “मावशी, लग्नाचा दाखला काढलाय का कधी?” काढला नव्हता. तो काढण्यात, नाव दुरुस्त करण्यात सप्टेंबर गेला.

तो महिना मी कसा काढला ते मला माहीत. 19 सप्टेंबरला गणपती होते. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. त्या वर्षी मूर्ती वितीएवढी आणली, मोदक अकराच केले. आमचं रेशनकार्ड केशरी, पण त्यावर धान्य येत नाही. दुपारी कधी कधी मी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणायचे, मिस्टर आणि मी ती दोघांत खायचो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे मला आज कळतं, तेव्हा मी डबा पदराखाली झाकून आणायचे.

आणि औषधं. हे मला खास लिहायचंय. मिस्टरांना साखरेचा त्रास, गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून यायच्या. नोकरी गेली म्हणजे कार्ड बंद, असं धरून मी दोन आठवडे गोळ्या मेडिकलमधून विकत आणल्या, नंतर अर्ध्या अर्ध्या द्यायला लागले. तुमच्याशी बोलताना हे सहज तोंडातून गेलं तर तुम्ही माझ्यावर रागावलात. पहिल्यांदाच. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी भरलेली असेल तर त्यावर जुलै ते डिसेंबर उपचार मिळतात, कार्ड चालू आहे, आजच्या आज जा, म्हणालात. गेले. गोळ्या मिळाल्या. पैशांपेक्षाही यासाठी मी तुमची जास्त ऋणी आहे, ताई.

ऑक्टोबरमध्ये सगळ्या नव्वद दिवसांचा अर्ज पुन्हा दिला, आणि महिनाअखेर खात्यात 23,671 रुपये आले. रोजचे 263 रुपये. मुंबईत तेवढ्यात घर चालत नाही. भांडीधुणी करणाऱ्या, फेरीवाले, नाक्यावर उभे राहणारे यांना तर एवढंही नाही. 21,000 च्या वर पगार गेलेल्यांनाही नाही. ज्यांचा ठेकेदार पैसे कापतो पण भरत नाही त्यांना अर्ज करायला गेल्यावर ते कळतं. हे बदललं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. पण त्या 23,671 मधून मी तीन महिन्यांचं थकलेलं भाडं दिलं आणि घरमालकासमोर मान वर करून उभी राहिले. ते पैसे माझ्याच पगारातून कापलेल्या वर्गणीवर मिळालेले होते, कोणी दान केलेले नव्हते.

तुम्हाला हे सगळं कसं माहीत, असं एकदा विचारलं होतं. तुम्ही कागद नीट रचत म्हणालात, “माझ्या बाबांनी अशीच सही केली होती.” त्यापुढे बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला द्यायला पैसे काढले तेव्हा तुम्ही झेरॉक्सचे दोन रुपये घेतलेत आणि बाकी परत केलेत.

मला पाचव्या महिन्यात काम लागलं, मरोळला, पॅकिंगचंच. पहिल्या दिवशी मी पगाराच्या स्लिपवर विम्याचा नंबर येईल का, असं विचारलं. ऑफिसातल्या बाई चमकून बघायला लागल्या, पण नंबर आला.

या शनिवारी चार वाजता मी दुकानात येतेय. नारळाच्या वड्या आणेन, त्या मात्र परत करायच्या नाहीत. सोबत आमच्या चाळीतली एक सूनबाई असेल. तिला कारखान्यातून टाईप केलेला कागद मिळालाय. सही केलेली नाही, मी तिला सांगून ठेवलंय.

तुमची,
पॅकिंगवाली मावशी