बुधवार पेठेतून, एका डॉक्युमेंटरीवाल्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या गल्लीवरची तुमची फिल्म पाहून फोन करणार होते. पण फोनवर मी रडले असते, मग तुम्हीही, आणि बोलायचं राहूनच गेलं असतं. म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीला कॅमेरे नवीन नाहीत. मी शाळेत असताना पोलिसांच्या धाडीमागोमाग एका वाहिनीचे लोक बूम घेऊन जिना चढले होते. कॉटखाली लपलेल्या मावशीच्या तोंडावरची ओढणी ओढून तिला दाखवलं, रात्रभर दाखवलं. आईचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण वर्गातल्या मुलींना तेवढा पुरला. धाडीतल्या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. तोवर माझी शाळा संपली होती. टाळेबंदीतही शिधा द्यायला काही लोक आले, पण आधी पिशवी हातात धरून फोटो, मग तांदूळ.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कॅमेरा बॅगेतच होता. उंबऱ्यापाशी वाकून चप्पल काढलीत, मागच्या साउंडवाल्या दादाला ‘बूट काढ रे’ म्हणालात आणि आईला विचारलंत, ‘येऊ का आत?’

एवढंच. आई पटकन काही बोललीच नाही. आमच्या खोलीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पायताणासकट आत येतं. कॉटपासून हातभर अंतरावर यल्लम्माचा फोटो आहे, त्याच्यासमोरून बूट जातात आणि आई रोज रात्री उशिरा फरशी पुसते. पोलीस, पुढारी, सर्व्हेवाले, कुणी म्हणून कुणी दारात थबकलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, ‘घरात आल्यासारखी आली बघ ती.’ तेवढ्यात एक चप्पल कुत्र्याने पळवली होती आणि तुम्ही आईच्या स्लीपर घालून लक्ष्मी रोडपर्यंत गेलात, ते आठवून ती अजून हसते.

प्रदर्शनानंतर एक काका म्हणाले, ‘यात काही घडतच नाही.’ त्यांना बहुतेक अंधारा जिना आणि मागे सारंगी हवी होती. अहो, अकराला उठायचं, पाण्यावरून भांडायचं, भिशीचा हिशोब करायचा, कोठा चालवणाऱ्या घरवालीशी भाड्यावरून हुज्जत घालायची, हेच तर घडतं! गावाकडे भावाच्या घराचा स्लॅब कॉटखालच्या त्या मावशीच्या पैशाने घातला आणि वास्तुशांतीला तिलाच बोलावलं नाही. हे ती भाकरी थापता थापता सांगते आणि तुम्ही कॅमेरा तिच्या डोळ्यांवर न नेता तव्यावर ठेवलात. ती भाकरी फुगते, तिथे मी रडले.

कायद्याचा भाग ठेवलात, त्याचे वेगळे आभार. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरचं कुणीही जाणूनबुजून दुसऱ्या कुणाच्या या धंद्याच्या कमाईवर जगलं तर गुन्हा. म्हणजे आईने माझी नर्सिंगची फी भरली, ती घेणारी मी आरोपी. हे ऐकल्यावर आई जे बोलली ते तुम्ही शिवीसकट ठेवलंत, आणि तेही ‘ठेवू का?’ असं विचारून.

तुमच्यासारखी माणसं अधूनमधून भेटतात. अप्पा बळवंत चौकात एक जुन्या पुस्तकांचे काका होते. पत्ता सांगताना मी अडखळले की ते वहीत नुसतं ‘पुणे’ लिहायचे आणि उधारीवर पुस्तकं द्यायचे. अशा माणसांचे सत्कार कोण करतं? शाल-नारळ त्या वाहिनीच्या संपादकाला मिळाला, आमच्या इथून दहा मिनिटांवरच्या सभागृहात.

असो. गल्लीतल्या ज्या बायांचं बघायचं राहिलंय, त्यांना फिल्म पुन्हा हवी आहे. दुपारी दोन ते चार ठेवा, तेव्हा सगळ्या मोकळ्या असतात. फक्त गणपतीचे दहा दिवस सोडून. दगडूशेठच्या गर्दीत तुमचा प्रोजेक्टर आमच्या जिन्यापर्यंत पोचायचा नाही.

तुमची,
(नाव तुम्हाला ठाऊक आहेच)