कुंपणाला तळाशी फट हवी

महोदय,

दहा-बारा घरांच्या वसाहतींचे नकाशे माझ्या टेबलावरून जातात, म्हणून लिहितो. नकाशावर झाड राखलेलं असतं, आणि प्रत्यक्षात त्याच्या बुंध्याला खेटून ड्रेनेजचा चर खणला जातो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत खोदकाम नको, डंपर नको, सिमेंटच्या गोण्यांची थप्पीही नको. फूटभर जाड बुंध्याला चहूबाजूंनी १२ फूट. फार तर एखादं पार्किंग जाईल. वर्षा-दोन वर्षांनी झाड वाळलं की दोष मात्र किडीला!

कंपाउंडची सलग भिंत ही तर निव्वळ हौस. तळाशी जागोजागी १३ सेंटिमीटरची चौकोनी फट सोडली की बेडूक, सरडे, मुंगूस ये-जा करतात. ‘साप शिरतील’ म्हणणाऱ्यांनी आपली उघडी गटारं आधी पाहावीत. त्या गटारांच्या सरळसोट कडांवरून बेडकाला वर चढता येत नाही. एका टोकाला खडबडीत उतार दिला तर काम भागतं. रात्रीच्या किड्या-पाखरांना त्रास नको म्हणून वसाहतीतले दिवेही पिवळसर, खाली तोंड केलेले असावेत.

बांधकाम परवानगीच्या नकाशावर मुळांची हद्द आणि कुंपणातल्या फटी दाखवणं सक्तीचं करावं.

– एक साइट इंजिनिअर