चि. निहारला पत्र

चि. निहार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक (पास फेकणारा) म्हणून खेळण्याविषयी बोलताना तू म्हणालास, "बाबा, शाळेत मला सगळे मैदान दिसायचे, इथे काहीच दिसत नाही." मी घाईने "दिसेल रे" म्हणून विषय मिटवला. ते काही बरे केले नाही, म्हणून हे पत्र.

दोष तुझ्या नजरेचा नाही, तिला लागलेल्या सवयीचा आहे, आणि ती सवय लावण्यात माझाही हात आहे. मागच्या अंगणात मी रिसीव्हर (पास झेलणारा) होऊन पळायचो, वळायचो, हात वर करायचो आणि मगच तू चेंडू सोडायचास. शाळेच्या शुक्रवारच्या सामन्यांतही ते खपून गेले, कारण तुझा रिसीव्हर बहुधा त्याला अडवणाऱ्या कॉर्नरबॅकपेक्षा चपळ असे आणि तो मोकळा दिसल्यावर फेकले तरी चालत असे. कॉलेजात तो मोकळा दिसेपर्यंत थांबलास, तर मधली फट बुजून गेलेली असते. तिथे रिसीव्हर वळण्याआधीच, तो जिथे पोहोचणार त्या जागेवर चेंडू सोडावा लागतो.

मैदानही अगदी तेच नाही. रुंदी दोन्हीकडे १६० फूटच, पण दोन हॅश मार्कांमधले (ज्या खुणांवर किंवा ज्यांच्या मधून प्रत्येक डाव सुरू होतो) अंतर शाळेत ५३ फूट ४ इंच असते, तर कॉलेजात ४० फूट. म्हणजे चेंडू हॅशवर असताना अरुंद बाजूला, म्हणजे जवळच्या साइडलाइनपर्यंत, साडेसहा फुटांहून जास्त जागा वाढते. परवा मी ड्राइव्ह-वेवर खडूने हे अंतर आखून पाहिले (तुझ्या आईने विचारले, दिवाळी लवकर आली का!). त्यात एक उंच माणूस सहज आडवा झोपेल. साइडलाइनकडचा तुझा पास सारखा आत राहतो, त्याचे एक कारण हेच असावे.

शिवाय स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याआधी) खोल उभे असलेले दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, स्नॅप होताच जागा बदलतात. प्रशिक्षकांचा हेल्मेटमधला आवाज तर प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरली की बंद होतो. पुढचे सारे तुझे तुलाच ओळखायचे. पुण्यात टेनिस बॉल सोडून मी सीझन बॉलवर खेळू लागलो, तेव्हा पहिले दोन महिने माझी बॅट प्रत्येक चेंडूला उशिराच यायची. फटके तेच होते, फक्त चेंडू बोलरच्या हातातच ओळखायला शिकावे लागले.

आपल्याच ओहायोतल्या अथेन्सच्या क्वार्टरबॅक जो बरोचे उदाहरण तू शंभरदा ऐकले आहेस. ओहायो स्टेटमध्ये तो राखीव राहिला, २०१८ साली लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) गेला, त्या हंगामात त्याचे टचडाउन पास १६ होते आणि पुढच्या हंगामात ६०. लोक ही गोष्ट संयमाची म्हणून सांगतात. मला ती समोरचा बचाव वाचण्याची वाटते. २०१९ साली प्रशिक्षक जो ब्रेडी व्यावसायिक संघ न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून एलएसयूत नवी पासिंग पद्धत घेऊन आला. पाच-पाच रिसीव्हर पसरले की बचावफळीलाही पसरावे लागे आणि तिचा बेत बराचसा आधीच उघडा पडे, पण तो वाचणारी नजर बरोचीच होती.

म्हणून स्काउट टीमवर (सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या गटात) टाकल्याचा राग धरू नकोस. दर आठवड्याला पहिल्या फळीचा बचाव तुझ्यासमोर उभा राहतो, हे तुझ्या पुढच्या दोघा क्वार्टरबॅकना मिळत नाही. येत्या रविवारी किती पास पूर्ण झाले ते मला सांगू नकोस. सेफ्टी कितीदा फिरला आणि त्यातले कितीदा तुला आधी कळले, तेवढे वहीत टिपून ठेव आणि वाचून दाखव.

तुझा,
बाबा